बाथरूममधली छत्री

आमच्या घरात तेव्हा तीन छत्र्या होत्या. दोन बाहेरच्या आणि एक बाथरूमची. बाथरूमची छत्री दाराच्या मागच्या खिळ्याला टांगलेली असायची. आलेला पाहुणा हात धुवायला आत गेला की बाहेर येऊन हमखास विचारायचा, "ही इथे कशाला?" आम्ही म्हणायचो, "वाळत घातलीय." तो छताकडे बघायचा नाही हे आमचं नशीब.

छताला फुगवटा आला होता. सुरुवातीला तो वाटीएवढा होता आणि थेंब थेंब गळायचा. पुढे त्याची परात झाली आणि गळणं मनाला येईल तसं व्हायला लागलं. छत्री घेऊन अंघोळ करणं वाटतं तितकं सोपं नाही. एका हातात छत्री आणि एका हातात तांब्या धरला की साबणासाठी हात उरत नाही. बायकोने मान आणि खांदा यांच्यामध्ये दांडा धरायचं तंत्र बसवलं होतं. आईला ते जमेना, म्हणून तिच्या स्टुलामागच्या पाइपला मी छत्री सुतळीने बांधून द्यायचो. ती खाली बसून, "राजवाड्यात राहतो आपण," असं म्हणत अंघोळ करायची. ऐंशी ओलांडलेल्या आईची अंघोळ रोज त्या फुगवट्याखाली व्हायची, आणि मला ते दिसत होतं. ते दिसत असूनही मी काय करत होतो? सुतळी बदलत होतो.

करायचं काम एका वाक्याचं होतं. वर जायचं, बेल वाजवायची आणि म्हणायचं, "नमस्कार, आपल्या बाथरूममधून थोडं पाणी येतंय असं वाटतं." पण वरच्या मजल्यावर मोठ्या बाई राहत होत्या. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. त्या राहायला आल्या तेव्हा आवारात पोरं धुडगूस घालत होती. बाईंनी टेम्पोतून उतरता उतरता एवढंच म्हटलं, "रांगेत." पोरं रांगेत उभी राहिली. पोरांना हाका मारायला आलेले त्यांचे बापही रांगेत उभे राहिले. मला तर मूलच त्या वयाचं नव्हतं, मी कामावरून येत होतो, तरी मी उंचीप्रमाणे जागा बघून उभा राहिलो.

तर अशा बाईंना त्यांच्या बाथरूमबद्दल बोलायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

आता यात आणखी एक गोम आहे. मी पाणीपुरवठा खात्यात आहे. तेही गळती तक्रार कक्षात. माझ्या टेबलासमोर रोज लोक उभे राहतात आणि सांगतात की साहेब, वरून गळतंय. आणि मी मान वर न करता सांगतो, "इमारतीच्या आतली गळती आमच्या अखत्यारीत येत नाही. वरच्या मजल्यावाल्यांशी बोला." लोक कुरकुरले तर मी वर म्हणतो, "बोलायला काय होतं? माणसंच आहेत ना ती?" हे मी इतक्या वर्षांत इतक्या सहजपणे म्हटलंय की ते मलाही लागू आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. सोसायटीच्या चेअरमनना एकदा विचारून पाहिलं, तर ते म्हणाले अर्ज करा, पण त्यावर वरच्या सभासदाची सही आणा. म्हणजे वाघ पकडायच्या अर्जावर वाघाची सही.

अशात आमच्या ऑफिसात वरून आदेश आला की कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची काळजी घेण्यात यावी. काळजी घ्यायला एक समुपदेशक आल्या. तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. प्रत्येकाला एक प्रश्नपत्रिका दिली. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं ते सांगायचं. काही चुकेल की काय या विचाराने तुमची झोप उडते का, कुणी रागावलंय असं नुसतं वाटलं तरी पोटात गोळा येतो का, असली वाक्यं. मी विचारलं, पेन्सिलीने लिहिलं तर चालेल का. मग विचारलं, घरी नेलं तर चालेल का. मग विचारलं, एखादं उत्तर बरोबर की चूक ते आधी कळेल का. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटतं निकाल त्यांना तिथेच कळला असावा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकेकाला आत बोलावलं. मला म्हणाल्या, "सर, माणसाच्या डोक्यात ढोबळमानाने दोन यंत्रणा काम करत असतात. एक म्हणते, चल पुढे, काहीतरी चांगलं मिळेल. दुसरी म्हणते, थांब, काहीतरी वाईट होईल. एक ॲक्सिलरेटर, एक ब्रेक. दोन्ही लागतात. तुमचा ब्रेक..." आणि त्या थांबल्या.

"बिघडलाय?" मी घाबरून विचारलं.

"नाही, नाही. उत्तम आहे. इतके मार्क मी अजून कुणाला दिलेले नाहीत."

शाळेपासून आजवर मला कशातही पहिला नंबर मिळालेला नव्हता. मी उठून त्यांचे आभार मानले. बाहेर आल्यावर सगळ्यांना सांगितलं. आमचे साहेबही खूश झाले. म्हणाले, "असा माणूस कक्षात असला की फाइल जागची हलत नाही." मला ते कौतुक वाटलं.

घरी पेढे वाटल्यासारखी बातमी सांगितली तर बायको हातातली पोळी तव्यावर तशीच सोडून माझ्याकडे बघत राहिली. "हे कळायला परीक्षा घ्यावी लागली?" ती म्हणाली. आई आतून म्हणाली, "लहानपणी हा घसरगुंडीच्या टोकावर बसून राहायचा. मागे पोरांची ही रांग. शेवटी मी साडी खोचून वर चढायचे आणि याला जिन्यानेच उतरवून आणायचे. सगळी बाग बघत असायची."

मला धक्काच बसला. घरच्या माणसांनी इतकी वर्षं हे ओळखून ठेवलं होतं आणि मला कुणी बोललं नव्हतं. पहिला नंबर आल्याचा आनंद त्या रात्री पार ओसरला, आणि मी पुन्हा समुपदेशक बाईंची वेळ घेतली.

त्यांना मी माझ्या एका मित्राची गोष्ट सांगितली. मित्राच्या बाथरूममध्ये वरून गळतं, पण त्याला वर जाऊन सांगायची हिंमत होत नाही. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "तुमच्या मित्राला सांगा, हिंमत आली की जाईन असं म्हणून बसू नका. ती बसल्या जागी येत नाही. आधी काम करा, हिंमत मागून येते. काम मोठं वाटत असेल तर त्याचे बारीक तुकडे करा. पहिला तुकडा इतका लहान हवा की त्याची भीतीच वाटू नये."

"आणि मित्राचा ब्रेक?"

"राहू द्या. तो गाडीतून काढून टाकायचा नसतो. फक्त त्याच्यावर पाय ठेवून बसायचं नाही."

हे मला पटलं. मी त्याच संध्याकाळी कामाचे तुकडे पाडले. पहिला तुकडा म्हणजे वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या वळणापर्यंत जाणे आणि परत येणे. गेलो. आलो. कठडा धरून का होईना, पण आलो. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि बोललात काय?" मी म्हणालो, "बोलणं हा पुढचा तुकडा आहे." तिने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंच्या दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी दारासमोर उभं राहणे. मग बेलच्या दिशेने बोट नेणे. बोट नेऊन बेल न वाजवता परत आणणे हेही धैर्याचं काम असतं. ज्याला विश्वास बसत नसेल त्याने करून पाहावं. आतून पाऊल वाजल्यासारखं झालं की मी मजल्यामागून मजला वर पळायचो, थेट गच्चीच्या दारापर्यंत, आणि तिथे श्वास घेत बसायचो.

तिथेच मला विमावाल्यांनी पकडलं. विमावाले म्हणजे आमच्या समोरच्या दारचे विमा एजंट. माणूस चांगला, पण कुठलीही गोष्ट एकटी राहू द्यायची नाही हा त्यांचा स्वभाव. मला घामाघूम बसलेला बघून म्हणाले, "काय हो, रोज वर कुठे जाता?"

खरं सांगायचं तर बाथरूमपासून सुरुवात करावी लागली असती. मी म्हणालो, "व्यायाम. डॉक्टरांनी जिने चढायला सांगितलेत."

"वा! मग एकटे का?" ते म्हणाले. "उद्यापासून मी आहे."

नको म्हणायचं होतं. पण कुणी इतक्या प्रेमाने म्हणाल्यावर नको कसं म्हणणार? माझी पुढे ढकलणारी यंत्रणा चालत नव्हती, आणि थांबवणारी नेमकी अशा वेळी दुसऱ्याला थांबवायच्या कामी येत नाही. दुसऱ्या दिवशी विमावाले पायात बूट घालून दारात हजर. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली बायको आणली, तिने तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई आणल्या, त्यांनी त्यांचा आळशी नवरा ओढून आणला. आठवडाभरात ही एवढी फौज झाली. विमावाले पुढे, मी मध्ये, सगळे एका तालात धाड धाड पाय वाजवत वर, गच्चीला हात लावून खाली. त्यातही दम खायला थांबायचं ठिकाण म्हणजे मोठ्या बाईंचं दार, कारण तिथे जिन्याचा चौक जरा रुंद आहे. तिथे उभं राहून सगळे हातवारे करत मोठ्यांदा श्वास घ्यायचे. विमावाल्यांनी एक आरोळीही बसवली होती. "थांबायचं?" असं ते ओरडायचे, आणि सगळे ओरडायचे, "नाही!"

ज्याच्या ब्रेकला आजवरचे सर्वांत जास्त मार्क पडले, तो मी त्या घोळक्यात उभा राहून "नाही" म्हणून ओरडायचो. बेल माझ्या खांद्याला लागेल इतकी जवळ असायची.

चेअरमननी तर सूचनाफलकावर लावून टाकलं की आमच्या इमारतीत जिना मंडळ स्थापन झालं असून अध्यक्षपदी माझी निवड झाली आहे. मला कुणी विचारलं नव्हतं. मी फलकासमोर सुन्न होऊन उभा होतो तर मागून येऊन त्यांनी माझा हात हातात घेतला आणि दाबला. "तुमच्यात एवढं नेतृत्व असेल असं वाटलं नव्हतं," ते म्हणाले. मलाही वाटलं नव्हतं. घरी आलो तर आई छत्रीखाली बसून गुणगुणत होती आणि फुगवट्याला मधोमध चीर गेली होती.

त्यानंतर दोनच दिवसांनी छताचा तुकडा पडला. भाकरीएवढा. आई अंघोळ उरकून उठली, दाराशी आली, टॉवेल घेतला आणि मागे धाडकन आवाज झाला. स्टुलाचा एक पाय मोडला होता. आम्ही तिघं दारात उभे राहून त्या स्टुलाकडे बघत होतो. शेवटी आईच म्हणाली, "बरं झालं उठले. नाहीतर उद्यापासून तुझी सुतळी वाचली असती."

ती हसत होती, पण टॉवेल तिने दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरला होता. मला भयंकर भीती वाटली. आजवर ज्या ज्या भीत्या मी जमवल्या होत्या, त्या सगळ्या या एका भीतीपुढे फुटकळ होत्या. मी जाहीर केलं की आजपासून या बाथरूममध्ये कुणीही जायचं नाही. अंघोळी स्वयंपाकघराच्या मोरीत. आई म्हणाली, "मी काय भांडं आहे मोरीत धुवायला?" पण मी ऐकलं नाही.

ऑफिसात समुपदेशक बाई भेटल्या. "तुमच्या मित्राचं कसं चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. मित्राचं नाही, माझंच. जिना मंडळ, आरोळी, अध्यक्षपद, स्टुलाचा पाय. त्या ऐकताना हसत होत्या, पण स्टुलाच्या पायापाशी त्यांचं हसू गेलं. म्हणाल्या, "सर, तुम्ही इमारत हलवलीत, पण ते एक वाक्य सोडून बाकी सगळं केलंत. याला काम करणं म्हणत नाहीत, याला टाळणं म्हणतात. आता तुकडे पुरे. घरी जा, बेल वाजवा."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी मंडळ जमलं, पण मी त्यांना जिन्याच्या पायथ्याशी थांबायला सांगितलं. "आज मी एकटा जाणार आहे." विमावाले म्हणाले, "वैयक्तिक विक्रम का?" मी उत्तर न देता वर गेलो. वाक्य तोंडात घोळवत होतो. नमस्कार, आपल्या बाथरूममधून थोडं पाणी येतंय असं वाटतं. 'असं वाटतं' हे मी मुद्दाम घातलं होतं, म्हणजे प्रसंग आलाच तर माघार घ्यायला जागा राहते. दारापाशी पोचलो, डोळे मिटले आणि बेल वाजवली.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काही नाही. मग दार साखळीएवढं उघडलं आणि फटीतून मोठ्या बाईंचा अर्धा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता.

"नम..." मी म्हणालो.

"मी घर सोडून जाते," बाई म्हणाल्या. "पण एवढी माणसं घेऊन येऊ नका. मला सहन होत नाही."

माझ्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं.

"रोज सकाळी दारात मोर्चा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक असेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. "थांबायचं, नाही, थांबायचं, नाही. मला कळतं हो. मी आले तेव्हापासून माझ्या बाथरूमचं पाणी फरशीच्या भेगेतून खाली उतरतंय. खाली येऊन सांगायचं होतं, पण तुम्ही पडलात पाणी खात्यातले. विमावाले म्हणाले होते, तुमच्या हातात असतं, तुम्ही मनात आणलं तर माणसाचा नळच तोडता. म्हणून म्हटलं आपणच सोसावं. ते ऐकल्यापासून मी ते बाथरूम वापरलेलं नाही. स्वयंपाकघरातल्या मोरीत अंघोळ करते. तरी तुमची चळवळ थांबेना."

मी भिंतीला हात टेकला. या बाई मला घाबरत होत्या. मला! माझ्या साऱ्या आयुष्यात मला आजवर कुणी घाबरलं नव्हतं. आमच्या कक्षातला शिपाईसुद्धा माझ्या खुर्चीवर बसून डबा खातो. धक्का तर होताच, पण त्याच्या आत कुठेतरी छाती दोन बोटं फुगलीही होती, हे लपवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "अहो बाई, मी कुणाचा नळ तोडत नाही. मी फक्त अर्ज परत पाठवतो."

त्यांनी साखळी काढली. आम्ही दोघं तसेच दारात उभे. मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"बाई, तुम्ही बाथरूम वापरतच नाही म्हणता?"

"पाऊल ठेवत नाही. त्या दाराकडे बघितलं तरी धडधडतं. कडी घालून टाकलीय."

"मग आमच्याकडे पाणी कुठून येतं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाई पुढे झाल्या, मी मागे. कडी गंजली होती, ती काढली. दार ढकललं तर आतून पाण्याची लाट आली आणि आमच्या पावलांवरून पुढच्या खोलीत गेली. आत नुसतं तळं होतं. नळ नीट बंद झालाच नव्हता. बारीक धार इतके दिवस चालूच होती. पाणी जायच्या जाळीवर तांब्या उपडा पडलेला, त्याच्या खाली फडकं अडकलेलं. पाणी घोट्याच्या वर साचलं होतं आणि ते सगळंच्या सगळं माझ्या आईच्या स्टुलावर उभं होतं. आपल्यामुळे पाणी गळू नये म्हणून बाईंनी ते दार लावलं होतं, आणि दार लावलं म्हणून त्यांना ते कधी दिसलं नाही.

मी पाणी खात्यातला माणूस. अशा वेळी पुढे होणं माझं कर्तव्य होतं. "थांबा," मी म्हणालो आणि नळाची मूठ धरून जोरात पिळली. मूठ माझ्या हातात आली. पुढच्या क्षणी तोंडावर पाण्याचा असा तडाखा बसला की मी मागच्या मागे तळ्यात बसलो. माझी सगळी नोकरी गळतीच्या कागदांवर झाली आहे. खऱ्या गळतीशी माझी ती पहिलीच भेट. बाई किंचाळल्या. तेवढ्यात खालून, माझ्या बुडाखालून, कुणाच्या तरी गुणगुणण्याचा आवाज आला.

आई अंघोळ करत होती.

पुढचं माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. मी उठलो, दाराबाहेर आलो आणि ओरडलो. मी ओरडू शकतो हे मला माहीत नव्हतं. "विमावाले! सगळ्यांनी गच्चीवर! टाकीचा कॉक बंद करा! पळा!" आणि मी स्वतः खाली धावलो. मंडळ वर येत होतं, मी खाली जात होतो, जिन्यात आमची टक्कर कशी झाली नाही देव जाणे. पण एक सांगतो, ते लोक थांबले नाहीत. शिवणकामवाल्या बाईंचा आळशी नवरासुद्धा दोन दोन पायऱ्या टाकत गेला. इतके दिवस चढलेल्या जिन्याचं चीज झालं.

मी घरात घुसलो आणि बाथरूमच्या दारावर धडका मारायला लागलो. "आई! बाहेर ये!"

"साबण लावलाय रे. तू वर गेलास, म्हटलं तेवढ्यात उरकून घेऊ."

"आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

"आले, आले. डोकं काय खातोस."

मी मागे सरून खांद्याने दार फोडायच्या तयारीत होतो, तर बायको म्हणाली, "अहो, काय करताय? ते दार बाहेरच्या बाजूला उघडतं. आणि आई आत पडल्या तर म्हणून ती कडी तुम्हीच बाहेरून फिरवायची बसवून घेतलीत ना?" बरोबर होतं. काही वाईट होईल या भीतीने मी ती महिनाभर शोधून आणली होती आणि सगळे मला हसले होते. मी कडी फिरवली, दार उघडलं. आई तीन पायांच्या स्टुलाला बादलीचा टेकू लावून बसली होती, डोक्यावर फेस, अंगाला जुनं पातळ गुंडाळलेलं आणि वर सुतळीने बांधलेली छत्री. मी तिला दोन्ही हातांनी उचललं. ती इतकी हलकी झाली होती! ती म्हणाली, "अरे, छत्री!" आणि तिने दांडा सोडला नाही. सुतळी तुटली, आम्ही तिघं, म्हणजे मी, आई आणि छत्री, दाराबाहेर येऊन पडलो आणि मागे छत खाली आलं.

आवाज ओसरला तेव्हा छत्रीच्या काड्या मोडल्या होत्या आणि कापडावर विटेएवढा तुकडा होता. आईला खरचटलंही नव्हतं. तिच्या डोक्यावरचा फेस माझ्या शर्टाला लागला होता. मी तिला घट्ट धरून बसलो आणि मला रडू यायला लागलं. मी ते आवरलं नाही.

"तूच ओरडत होतास?" ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली. "मला वाटलं, तुझे वडील आले."

मग ती जरा वेळाने म्हणाली, "घसरगुंडीचं फिटलं बघ."

वरून पडणारी धार बारीक होत थांबली. म्हणजे मंडळाने कॉक गाठला होता. जिन्यावरून त्यांची आरोळी ऐकू आली, पण ती कसली होती ते कळलं नाही. मी उठलो आणि दारातून बाथरूममध्ये डोकावलं. जिथे फुगवटा होता तिथे आता सरळ भोक होतं, चांगलं टोपलीएवढं. त्यातून वरचा उजेड आमच्या बादलीत पडला होता. बायको माझ्या खांद्यावरून बघत होती.

भोकाच्या कडेला हालचाल झाली. आधी दोन हात दिसले, मग चष्मा, मग मोठ्या बाईंचा पूर्ण चेहरा. केस ओले, चष्म्यावर थेंब. त्या वरून खाली बघत होत्या आणि मी खालून वर. आम्हा दोघांमध्ये आता दार नव्हतं, बेल नव्हती आणि छतही नव्हतं. पळून जायला गच्ची होती, पण ती त्यांच्या बाजूला.

मी घसा साफ केला.

"नमस्कार," मी म्हणालो. "आपल्या बाथरूममधून थोडं पाणी येतंय असं वाटतं."

बाईंनी पदराने चष्मा पुसला.

"हो," त्या म्हणाल्या. "मी तेच सांगायला खाली येणार होते."

"झालं ना दोघांचं बोलणं?" माझ्या मागून आई म्हणाली. "मग आता कुणीतरी माझ्या डोक्यावर दोन तांबे पाणी घाला. साबण डोळ्यांत चाललाय."